कॅल्शियम जास्त, पीटीएच ‘नॉर्मल’: पॅराथायरॉइडच्या निदानात आणि उपचारात या चुका टाळा

पन्नाशी ओलांडलेल्या एका बाईंचा रक्ततपासणीचा कागद समोर आहे असे समजा. कॅल्शियम ११.३ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) असून त्यापुढे जास्त असल्याची खूण आहे. पीटीएच, म्हणजे पॅराथायरॉइड ग्रंथींचे संप्रेरक, ५८ (पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर) आहे, पण त्यापुढे कसलीच खूण नाही, कारण प्रयोगशाळेने १५ ते ६५ अशी मर्यादा छापलेली आहे. कागद वाचणारा कॅल्शियमच्या गोळ्या बंद करायला सांगतो, पीटीएच ठीक आहे म्हणून पॅराथायरॉइडचा विचार सोडून देतो, आणि पुढे त्याच बाई मुतखड्याने बेजार होऊन परत येतात. प्राथमिक हायपरपॅराथायरॉइडिझम, म्हणजे ग्रंथीतल्याच बिघाडामुळे पीटीएच गरजेपेक्षा जास्त स्रवण्याचा आजार, निसटतो तो बहुधा असा, डोळ्यांदेखत.

थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या, साधारणपणे चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. रक्तातले कॅल्शियम कमी झाले की त्या पीटीएच वाढवतात आणि कॅल्शियम वाढले की हात आखडता घेतात. त्यामुळे कॅल्शियम ११.३ असताना निरोगी ग्रंथींचा पीटीएच तळाला, बहुधा २० च्या खाली गेलेला दिसायला हवा. अशा वेळी ५८ हा आकडा नॉर्मल नसून तोच रोगाचा पुरावा आहे. कॅल्शियम आणि पीटीएच एकाच वेळी घेतलेल्या रक्तातून तपासावेत आणि जोडीनेच वाचावेत. पीटीएच खरोखरच दबलेला असेल तर मात्र कर्करोग, क्षयरोग, सारकॉइडोसिस (फुप्फुसांसारख्या अवयवांत दाहाच्या गाठी होण्याचा आजार) किंवा ‘ड’ जीवनसत्त्वाचा अतिरेक यांचा शोध घ्यावा लागतो.

एका तपासणीवर निदान पक्के करणेही चूकच. दंडाला पट्टा बराच वेळ आवळून ठेवला तरी कॅल्शियम थोडे जास्त येते. अल्ब्युमिन (कॅल्शियमला धरून ठेवणारे रक्तातले प्रथिन) कमी असेल तर उलट फसगत होते: ४ च्या खाली प्रत्येक एका ग्रॅममागे कॅल्शियममध्ये ०.८ मिळवायचे असतात, म्हणजे अल्ब्युमिन ३ असलेल्या रुग्णाचे १०.२ हे प्रत्यक्षात ११ असते. रक्तदाबासाठी दिलेली थायाझाइड गटातली गोळी आणि लिथियम ही दोन्ही औषधे कॅल्शियम वाढवू शकतात. केसांसाठी घेतलेल्या बायोटिन या जीवनसत्त्वामुळे काही पद्धतींत पीटीएच खोटा कमी दिसतो. रुग्ण याला औषध मानत नाहीत, म्हणून मुद्दाम नाव घेऊन विचारावे.

आपल्याकडे खरा घोळ ‘ड’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे होतो, आणि तो दोन्ही बाजूंनी होतो. कॅल्शियम नॉर्मल किंवा कमी आणि पीटीएच वाढलेला, असे चित्र बहुतेकदा या कमतरतेमुळे किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे दिसते. त्यात ग्रंथी केवळ आपले काम करत असतात, त्यामुळे शस्त्रक्रियेचा प्रश्नच येत नाही. याउलट, पॅराथायरॉइडची गाठ असलेल्या रुग्णातही कमतरता तीव्र असेल तर वाढलेले कॅल्शियम झाकले जाते आणि कमतरता भरून काढल्यावरच ते उघडे पडते. ही भरपाई कमी मात्रेने, मधूनमधून कॅल्शियम तपासत करावी. कॅल्शियम आधीच चढलेले असताना ‘हाडे दुखतात’ एवढ्यावरून सहा लाख युनिटचे इंजेक्शन टोचणे हा धोकादायक उतावीळपणा आहे.

चोवीस तासांची लघवी जमवणे रुग्णाला कटकटीचे वाटते, म्हणून ती तपासणी अनेकदा टाळली जाते. काही कुटुंबांत कॅल्शियम जन्मापासूनच किंचित जास्त असते, लघवीतून मात्र फार कमी जाते, आणि त्याने सहसा अपाय होत नाही. कॅल्शियम आणि क्रिएटिनिनच्या क्लिअरन्सचे (मूत्रपिंड ते रक्तातून किती बाहेर टाकतात याचे) गुणोत्तर ०.०१ च्या खाली असेल तर हीच शक्यता धरावी, कारण अशा माणसाची ग्रंथी काढून काहीही साधत नाही. थायाझाइड आणि ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही लघवीतले कॅल्शियम घटते, तेव्हा ही तपासणी त्यांचा बंदोबस्त केल्यावर करावी.

सोनोग्राफी आणि सेस्टामिबी स्कॅन (किरणोत्सारी द्रव्य टोचून गाठ शोधणारा) निदानासाठी नसतात, ते शल्यविशारदाला वाट दाखवण्यासाठी असतात. निदान रक्तावर ठरते. स्कॅनमध्ये काही दिसले नाही म्हणून ‘रोग नाही’ असे सांगणे चूक, आणि ‘शस्त्रक्रिया नको’ म्हणणेही चूक. सुमारे ८० ते ८५ टक्के रुग्णांत एकच गाठ असते, पण ती गळ्यातच असेल असे नाही. चार्ल्स मार्टेल या अमेरिकी जहाजाच्या कप्तानावर सहा शस्त्रक्रिया होऊनही गाठ हाती लागली नव्हती. १९३२ साली सातव्या खेपेला ती छातीच्या पोकळीत सापडली. म्हणूनच अशा शस्त्रक्रियांचा रोजचा सराव असलेला शल्यविशारद स्कॅनच्या यंत्राहून मोलाचा, असे मी मानतो.

गुंतागुंत शोधताना डेक्सा (हाडांची घनता मोजणारी) तपासणी कंबर आणि खुब्यावरच आटोपली जाते. या आजारात सर्वांत आधी झिजते ते हाडाचे कठीण कवच, आणि ते मनगटाजवळच्या हाडात कळते, त्यामुळे हाताचे मोजमाप मागून घ्यावे. तक्रार नसली तरी मूत्रपिंडाची सोनोग्राफी करावी. स्वादुपिंडाचा दाह झालेला असताना कॅल्शियम खाली घसरते आणि नॉर्मल दिसते, म्हणून झटका ओसरल्यावर ते पुन्हा तपासावे.

वय ५० च्या आत, कॅल्शियम वरच्या मर्यादेपेक्षा १ मिलिग्रॅमहून अधिक, मुतखडा, मणक्याचे फ्रॅक्चर, हाडांच्या घनतेचा टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली, मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता सांगणारा ईजीएफआर ६० च्या खाली: यांपैकी एकही गोष्ट असेल तर शस्त्रक्रिया सुचवली जाते. सिनाकॅल्सेट हे औषध कॅल्शियम उतरवते पण हाडे भरत नाही. बिस्फॉस्फोनेट गटातले औषध हाडांना आधार देते, पण पीटीएच उतरवत नाही. दूध-दही बंद करणे तर उलटेच पडते, कारण आहारातले कॅल्शियम घटले की पीटीएच आणखी उसळतो. कॅल्शियम १४ च्या पुढे जाऊन उलट्या आणि गुंगी सुरू झाली तर रुग्णाला तातडीने दाखल करून आधी भरपूर सलाइन द्यावे लागते. शरीर कोरडे असताना लघवी वाढवणारे इंजेक्शन देऊ नये.

शस्त्रक्रियेनंतर भुकेली हाडे रक्तातले कॅल्शियम ओढून घेतात, विशेषतः आधी अल्कलाइन फॉस्फटेज (हाडांची झीज-भर जोरात असल्याचे दाखवणारे रक्तातले विकर) वाढलेले असेल तर. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या आल्या, हाताला वांब आले, तर तो अशक्तपणा समजून घरी थांबू नये. त्याच दिवशी कॅल्शियम तपासावे. पुढे पीटीएच काही आठवडे थोडा वाढलेला राहिला तरी कॅल्शियम नॉर्मल असेल तर घाबरून लगेच दुसऱ्या शस्त्रक्रियेकडे वळू नये. आजार बरा झाला की नाही हे सहा महिन्यांनंतरच्या कॅल्शियमवर ठरते.