बांधकामातले दोष शोधायच्या कामात यायचंय? मग हे वाचा

ठेकेदारांवर नजर ठेवणारं एकच सरकारी खातं असतं आणि तिथे चिकटलं की झालं, हा गैरसमज आधी काढून टाका. कॅलिफोर्नियात ठेकेदारांना परवाने देणारं आणि बिनपरवाना काम करणाऱ्यांवर कारवाई करणारं सरकारी मंडळ आहे. आपल्याकडे तसलं एकच एक खातं नाही. गावात कोणाचं घर बांधायला घेणाऱ्या ठेकेदाराला कोणी परवाना विचारत नाही. सरकारी कामाला सार्वजनिक बांधकाम खात्याची वर्गवार नोंदणी लागते, वायरिंगला विद्युत ठेकेदाराचा परवाना लागतो आणि महारेरात, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणात, नोंद होते ती प्रकल्पाची.

म्हणून या कामात शिरायच्या वाटाही वेगवेगळ्या. नोकरी हवी असेल तर कनिष्ठ अभियंत्याची परीक्षा द्या आणि पुढेमागे दक्षता व गुणनियंत्रणाकडे बदली मागा. स्वतंत्र काम करायचं असेल तर सिव्हिलची पदवी, जमलं तर स्ट्रक्चरमध्ये एम.ई., आणि नगरपरिषदेकडे स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून नोंद. पण त्याआधी दोन-तीन वर्षं साइटवर काढाच. सिमेंट, सळई आणि कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) कुठे मारलं जातं ते सेंट्रिंगखाली उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

परवाच रत्नागिरीत मांडवीकडच्या एका इमारतीत गेले होते. तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीचं छत. रंगाखाली तांबूस डाग, सरळ रेषेत, वीतभर अंतरानं. गळती अशी पट्टीनं रेघा मारून उतरत नाही, त्या सळया. छोट्या हातोडीनं ठोकत जा: चांगलं काँक्रीट खणखणतं, सुटलेलं भद्द वाजतं. भद्द वाजलं तिथे खडूनं गोल केला, पोपडा काढला, टेप लावली. कव्हर 14 मिलिमीटर. बिल्डरचा माणूस म्हणाला, "खारा वारा आहे मॅडम, गंजणारच." खारा वारा काय इमारत झाल्यावर आला? आयएस 456 हे काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक किनाऱ्यावर 45 मिलिमीटर कव्हर आणि किमान एम 30 ताकदीचं काँक्रीट मागतं ते त्यासाठीच. लाटांचे तुषार अंगावर येत असतील तर 50 आणि एम 35.

ताज्या फोडीवर फिनॉल्फ्थॅलीन शिंपडा, हे अल्कधर्मी काँक्रीटवर गुलाबी होणारं रसायन. गुलाबी रंग आला नाही तर कार्बोनेशन, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे सळईला जपणारा काँक्रीटचा अल्कधर्म जाणं, तिथवर पोचलंय. आला, तरी लगेच खूश होऊ नका. मिठामुळे सळई गुलाबी काँक्रीटमध्येही गंजते. खाडीची वाळू न धुता वापरली असेल तर मीठ पहिल्या दिवसापासून आतच असतं. नमुना क्लोराइडसाठी, म्हणजे मिठातल्या गंजवणाऱ्या घटकासाठी, लॅबला पाठवा. आरसीसीत, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटमध्ये, क्लोराइडची घनमीटरला 0.6 किलो ही मर्यादा आहे.

रिबाउंड हॅमरवर, म्हणजे पृष्ठभागावर आपटून ताकदीचा अंदाज देणाऱ्या उपकरणावर, नवी मुलं फार विसंबतात. कार्बोनेशन झालेला पृष्ठभाग कडक होतो, त्यामुळे जुन्या काँक्रीटवर आकडा फुगून येतो. वाद मोठा असेल तर कोअर (काँक्रीटमधून कापून काढलेले दंडगोल नमुने) काढा, किमान तीन. तिन्हींची सरासरी अपेक्षित ताकदीच्या 85 टक्क्यांवर हवी आणि एकही 75 च्या खाली नको.

आणि फक्त म्हाताऱ्या इमारती तपासायच्या असतात असं समजू नका. 30 वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट (मजबुतीची तपासणी) सक्तीचं, हे सगळ्यांना पाठ असतं. महाडची तारिक गार्डन 24 ऑगस्ट 2020 ला कोसळली, 16 माणसं गेली. ती काही 30 वर्षांची नव्हती.

हातोडी काढण्याआधी कागद मागा. सगळ्यात आधी ताबापत्र, कारण रेरा कायद्याच्या कलम 14 नुसार ताब्यापासून 5 वर्षांत दाखवून दिलेला दोष बिल्डरनं 30 दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. मात्र 500 चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा 8 पर्यंत सदनिका असतील तर प्रकल्पाला नोंदणीच लागत नाही. आपल्याकडे अशा इमारती गल्लोगल्ली. तिथल्या लोकांना बहुधा ग्राहक आयोगाचं दार ठोठवावं लागतं. सरकारी काम असेल तर दोषदायित्वाचा कालावधी, म्हणजे काम झाल्यावर दोष ठेकेदारानं स्वखर्चानं काढायची मुदत, निविदेत बघा, आणि वर्कऑर्डर ज्याच्या नावावर आहे तोच साइटवर आहे का तेही बघा. पुष्कळदा नोंदणी एकाची आणि काम भलत्याचंच.

अहवालात दिसलेलं एका भागात लिहा, अनुमान दुसऱ्या भागात. "निकृष्ट काम" हे शब्द समोरचा वकील दोन मिनिटांत उडवून लावतो. "बाल्कनी, आग्नेय कोपरा, कव्हर 14 मि.मी., फोटो 7" याला हात लावणं त्याला जड जातं. फोटोत टेप दिसलीच पाहिजे. गळतीची तक्रार असेल तर जुलैत जा, आणि वरच्या बाथरूममध्ये पाणी तुंबवून बघितल्याशिवाय गच्चीला दोष देऊ नका.

ज्या इमारतीचा अहवाल दिलात तिच्या दुरुस्तीचं काम घ्यायचं नाही, मेव्हण्याच्या नावावरही नाही. आणि फी आधी ठरवून निम्मी आगाऊ घ्या. अहवाल बोलावणाऱ्याच्याच विरोधात गेला की उरलेली निम्मी हातात पडायला पुढचा गणपती उजाडतो.