लठ्ठ उंदरांच्या इकोआधी

गेल्या वेळी उंदरांना सोळा आठवडे फॅटचं खाणं घातलं, इको (हृदयाची सोनोग्राफी) केला, लठ्ठ गटाचं इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला हृदयाचा डावा कप्पा आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतो ते) घसरलेलं दिसलं आणि मी रात्रीच सरांना मेसेज टाकला. सरांचं उत्तर एका ओळीचं: 'ठोके किती होते?' ठोके मी लिहिलेच नव्हते. म्हणून ही यादी.

आयएईसीची, म्हणजे संस्थेच्या प्राणी-नीती समितीची, मंजुरी लागतेच. तिच्या अर्जात, फॉर्म बीमध्ये, भूल किती वेळा देणार तेही हवं. उंदीर नुसते सी५७बीएल/६ (प्रयोगशाळेतली नेहमीची जात) म्हणून मागवू नका. उपजात ६जे की ६एन, ते लेखी घ्या. ६जेमध्ये एनएनटी (मायटोकॉन्ड्रियातल्या एका एन्झाइमचा) जीन बिघडलेला असतो, दोन्ही मिसळले की निस्तरत बसाल. ६० टक्के कॅलरी फॅटमधून येणारं खाणं घेताना त्याच घडणीचं कमी फॅटचं खाणंही मागवा. ॲनिमल हाऊसमधल्या रोजच्या चाऊत (साध्या तयार खाद्यात) तंतू वेगळे, सोया वेगळं. मग फरक फॅटचा की सोयाचा, सांगा बघू. फॅटच्या गोळ्या थंडीत ठेवा, पिंजऱ्यात आठवड्यातून दोनदा बदला, खवट होतात. खाणं सुरू करण्याआधीचा एक इको हवाच.

आता ठोके. जाग्या उंदराचं हृदय मिनिटाला ५००-६०० वेळा, कधी त्याहून जास्त धडधडतं. भूल खोल गेली की ते ३०० वर येतं, अंग गार पडलं तरी तेच, आणि मग इजेक्शन फ्रॅक्शन धडधाकट उंदराचंही घसरतं. माझे बारीक उंदीर पाच मिनिटांत उरकायचे. लठ्ठांच्या छातीवर चरबी, चित्र नीट दिसेना, म्हणून मी वीस-वीस मिनिटं प्रोब सरकवत बसले. वर एसी, खाली गार जेल. मोजला गेला तो माझा उशीर.

तेव्हा: छातीवरचे केस क्रीमने आदल्या दिवशीच काढा, ओली छाती लवकर गारठते. जेल कोमट करा, बुडबुडे नकोत. डोळ्यांना मलम. आयसोफ्लुरेन (भुलीचा वायू) सुरुवातीला २-३ टक्के, मग १ ते १.५. गुदद्वारातला प्रोब ३७ अंश दाखवत नसेल तर थांबा. चारही पंजे ईसीजीच्या पट्ट्यांवर टेकवा आणि ठोके लिहा. प्रत्येक क्लिपच्या सुरुवातीला लिहा, शेवटी लिहा, एक्सेलमध्ये वेगळा रकाना करा. स्क्रीनवर दिसतायत म्हणजे लिहिले असं नाही. एम-मोडच्या (एका रेषेवर हृदयाच्या भिंतींची हालचाल टिपण्याच्या) वेळी ४५० च्या खाली असतील तर चित्र साठवूच नका. भूल थोडी कमी करा, वाट पाहा. पंधरा मिनिटांत जमलं नाही तर उंदीर परत पिंजऱ्यात, उद्या बघू.

डॉप्लरला (रक्ताचा वेग मोजताना) उलटं. ठोके फार जलद असले की ई आणि ए या (डावा कप्पा भरतानाच्या रक्तप्रवाहाच्या) लहरी एकमेकींत मिसळतात, म्हणून तिथे ४०० च्या आसपास आणायचे, पण दोन्ही गटांत सारखेच. आणि तेही लिहायचे. हा भाग टाळू नका, कारण खाण्याने होणारा बिघाड बहुधा आधी इथेच दिसतो, ठोक्यानंतर हृदय सैल पडण्यात. २०१९ मधल्या मॉडेलमध्ये, म्हणजे फॅटचं खाणं आणि पाण्यातून एल-नेम (नायट्रिक ऑक्साइड रोखून रक्तदाब वाढवणारं औषध), पाच आठवड्यांत हृदय निकामी होऊ लागतं तरी इजेक्शन फ्रॅक्शन शाबूत राहतं. नुसत्या फॅटवर माझं एवढं घसरलं तेव्हाच शंका यायला हवी होती.

मोजणी दुसऱ्याने फाइलींना कोड दिल्यावरच. प्रत्यक्ष इको करताना कोण लठ्ठ ते लपत नाही. श्वास घेतानाचे ठोके सोडून तीन-चारांची सरासरी. लठ्ठांना शुद्धीवर यायला वेळ लागतो, चालू लागेपर्यंत उबेत एकटं ठेवा. शेवटी हृदयाचं वजन टिबियाच्या (नडगीच्या हाडाच्या) लांबीने भागा, शरीराच्या वजनाने नको, ते फुगलेलंच असतं. टिबिया पूर्ण साफ करून मोजा, कॅलिपरने.