इंजिन न खोलता ऑइल गॅलरीचा अडकलेला प्लग काढताना

ट्रॅक्टरच्या इंजिनात पंपाचं ऑइल आधी फिल्टरमधून जातं, मग मुख्य गॅलरीत, म्हणजे ब्लॉकमधल्या ऑइलच्या लांब भोकात येतं. त्या भोकाचं तोंड प्लगने बंद केलेलं असतं. म्हणजे गॅलरीत पडलेला लोखंडाचा कीस अडवायला पुढे काहीच नाही. तो थेट क्रँकशाफ्टच्या मेन बेअरिंगवर जातो, आणि तिथली फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी असते. म्हणून या कामात मी घाई करत नाही. मालक शेजारी उभा राहून ‘झालं का?’ विचारायला लागला की त्याला चहाला पाठवतो.

ऑइल काढून टाका. प्लगच्या भोवतीची माती आणि रंग डिझेल-ब्रशने साफ करा. अ‍ॅलनच्या (सहा कोनी) खाचेतला रंग सुईने खरवडा, नाहीतर की तळापर्यंत बसत नाही आणि कोपरे गोल होतात. एल आकाराची की नको, सॉकेटवाला अ‍ॅलन बिट घ्या. तो बसवून हातोडीचे दोन-तीन खणखणीत ठोके द्या. हे प्लग बहुतेक निमुळत्या आट्यांचे, पाचरीसारखे रुतलेले असतात. एकदा जागचे हलले की पुढे सोपं.

नाही हलला तर गॅसची ज्योत फक्त प्लगवर धरा. लाल करू नका, बिडाच्या ब्लॉकला तडा जाईल. जवळचा डिझेल पाइप आणि वायरिंग आधी बाजूला घ्या. जरा निवला की मेणबत्ती टेकवा, मेण आट्यांत ओढलं जातं. माझे निम्म्याहून जास्त प्लग इथेच सुटतात.

खाच गोल झाली असेल तर वर नट वेल्ड करा. बॅटरीची वायर काढा आणि अर्थिंगचा चिमटा प्लगशेजारी ब्लॉकवरच लावा. चेसिसला लावलात तर करंट बेअरिंगमधून जाऊ शकतो.

ड्रिल शेवटी. त्याच मापाचा नवा प्लग आणा, व्हर्नियरने खाचेची खोली आणि एकूण लांबी मोजा. खाचेखाली किती धातू आहे ते कळतं. त्याहून कमी खोलीवर बिटला टेप गुंडाळा. डाव्या आट्यांचं बिट मिळालं तर उत्तम, कधी कधी प्लग त्याच्याबरोबरच फिरून बाहेर येतो. बिटच्या खोबणीत भरपूर ग्रीस भरा, कीस त्याला चिकटतो. थोडं ड्रिल करा, पुसा, नवं ग्रीस लावा. आरपार जायचंच असेल तर ऑइल प्रेशरचा स्विच (दिव्याचा) काढून त्याच्या भोकातून अगदी हलकी हवा आत सोडा, कीस बाहेर फेकला जाईल. चष्मा घाला. प्लगच्या बाजूने आत हवा कधीच मारू नका.

भोकात कॉटन वेस्ट कोंबू नका, धागे आत राहतात. प्लग निघाल्यावर आट्यांत ग्रीस लावलेला टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवा आणि दर फेऱ्याला पुसा. मग स्विचच्या भोकातून स्वच्छ ऑइल ओता, प्लगच्या भोकाखाली पांढरं फडकं धरा. फडक्यावर चमक दिसेनाशी होईपर्यंत ओतत राहा. चुंबकावर भिस्त ठेवू नका. प्लग पितळेचा असेल तर त्याचा कीस चुंबकाला लागत नाही.

नवा प्लग पातळ सीलंट लावून बसवा, पुढचे दोन आटे कोरडे ठेवून. टेफ्लॉन टेपचे तुकडे गॅलरीत जातात, ती नको. स्विच परत लावा. नवं ऑइल, नवा फिल्टर. इंजिन बंद करायची स्टॉप केबल ओढून धरा आणि ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत थोडं थोडं थांबून स्टार्टर मारा. तोवर इंजिन चालू करायचं नाही.