बडोद्याहून चाळीस जणांना दीव-सोमनाथला नेताना

चार दिवसांत दीव, सोमनाथ, गीरच्या सिंहांचं सासण आणि द्वारका असा बेत आखू नका. सोमनाथहून द्वारका सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे आहे. चाळीस जणांच्या बसला तिथे पोचायला अर्धा दिवस लागतो, आणि मग समुद्र फक्त खिडकीतून दिसतो. द्वारकेची सहल वेगळी काढा. या वेळी दीवला एकाच हॉटेलात तीन रात्री राहायचं आणि मधला एक दिवस सोमनाथला जाऊन परत यायचं. सामान एकदाच उघडतं, गुडघे दुखणाऱ्या काकूंना खोलीवर थांबायची सोय राहते, ओले कपडे वाळतात.

महिना नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा धरा. दिवाळीची सुट्टी आणि 25 डिसेंबर ते 2 जानेवारी टाळा. त्या दिवसांत अर्धा गुजरात दीवला उतरलेला असतो, खोल्यांचे भाव भडकतात आणि चाळीस जणांना एकत्र जागा मिळत नाही. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो, तेव्हा पाण्यात उतरायचं नाही.

बस ठरवताना दोन गोष्टी लेखी घ्या. पहिली, गाडीला ऑल इंडिया टूरिस्ट परमिट असल्याची. दीव गुजरातमध्ये नाही, केंद्रशासित प्रदेशात आहे. दुसरी, किलोमीटरचा हिशेब. जाऊन-येऊन आठशे, सोमनाथचे पावणेदोनशे आणि स्थानिक फिरणं मिळून हजार-अकराशे किलोमीटर होतात. वाहतूकदाराने दिवसाला किमान 300 ची अट घातली, तर चार दिवसांचे 1200 किलोमीटर भरावेच लागतात. म्हणून टोल, पार्किंग, परमिट आणि ड्रायव्हरचा भत्ता धरून ठोक रक्कम विचारा. माणशी वर्गणी काढताना 40 नावं असली तरी बसचं भाडं 36 ने भागा. शेवटच्या आठवड्यात तीन-चार नावं गळतातच, आणि त्यांच्या वाट्यावरून बसमध्ये कुरबुर होते.

रात्री नऊला निघून सकाळी पोचायचा मोह होतो, पण तो आवरा. पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान ड्रायव्हरला डुलकी येण्याचा धोका सर्वाधिक असतो. शिवाय सकाळी सातला पोचलं तरी खोल्या दुपारी बाराला मिळतात, तोवर चाळीस माणसं आंघोळीविना सामानासकट ताटकळतात. पहाटे पाचला बडोदं सोडा. माणसं घ्यायला तीनच ठिकाणं ठेवा, उदाहरणार्थ दांडिया बाजार, फतेगंज आणि दुमाड चोकडी. दारोदार बस फिरवली तर शहरातच दीड तास जातो.

रस्ता वासद, बोरसद, तारापूर, वटामण, धोलेरा, भावनगर आणि पुढे तळाजा, महुवा, राजुला, उना असा आहे. दर दोन-अडीच तासांनी थांबा लागतो, आणि चाळीस जणांचा "दहा मिनिटांचा" थांबा अर्ध्या तासाचा होतो, तेव्हा वेळापत्रकात तोच धरा. धोलेऱ्याच्या पुढे खाऱ्या सपाट जमिनीचा लांब पट्टा आहे, तिथे चांगली स्वच्छतागृहं विरळ. त्यामुळे वटामणच्या आसपास सगळ्यांना उतरवाच. असे थांबे धरून दीव गाठायला दुपारचे तीन होतात. पहिला नाश्ता घरचा असू द्या: मेथीचे थेपले, कोरडी चटणी, लीलो चेवडो. दही, ओली चटणी आणि कापलेली फळं नकोत. पाणी माणशी तीन लिटर, म्हणजे दिवसाला वीस लिटरचे सहा जार. बस लागणाऱ्यांना पुढच्या दोन रांगा द्या आणि बाकीच्या जागा रोज फिरवा, म्हणजे मागच्या बाकावरून वाद होत नाही.

दीवचा दिवस आखताना हॉटेलवाल्याला विचारण्याआधी भरती-ओहोटीचं कोष्टक बघा. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. तो हिशेब दीवला जसाच्या तसा लावू नका, दीवचंच कोष्टक घ्या. भरती रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे गेल्या वर्षीचं वेळापत्रक या वर्षी कामाचं नाही. फुदमच्या गंगेश्वरला खडकातल्या पाच शिवलिंगांवर लाटा येतात, पण त्या भरतीच्या सुमारास. पूर्ण ओहोटीला गेलात तर लोक "एवढंच?" म्हणून परततात. ऐन भरतीला मात्र पायऱ्या शेवाळाने निसरड्या असतात. वयस्करांना भरतीच्या तासभर आधी न्या आणि वरच्या कोरड्या पायरीवर बसवा.

बाकीचा क्रम उन्हावर ठरतो. पोर्तुगीजांनी 1535 पासून बांधलेल्या किल्ल्यात सावली फारच कमी. सकाळी उघडताच आत शिरा आणि दहाच्या आत बाहेर पडा. नायडा गुंफांना उलट ऊन डोक्यावर आलेलं बरं, कारण उजेड वरच्या फटींतून उतरतो. आतली जमीन खडबडीत आहे, बूट घाला. संध्याकाळी चक्रतीर्थजवळचं आयएनएस खुकरीचं स्मारक. 9 डिसेंबर 1971 ला ही युद्धनौका बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला आणि त्यांचे जवळजवळ दोनशे सहकारी तिच्याबरोबर गेले. इथे सगळ्यांना पाच मिनिटं शांत उभं करा आणि फलक वाचू द्या, मग सूर्यास्त बघा.

समुद्रस्नानाला नागोआ किंवा घोघला. घोघला रुंद आणि कमी गजबजलेला, म्हणून गटाला तो बरा. 2020 मध्ये त्याला ब्लू फ्लॅग हे स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्याचं मानांकन मिळालं. नियम कडक ठेवा: कमरेच्या वर पाणी नाही, जेवणानंतर लगेच नाही, प्रत्येकाला एक जोडीदार, आणि काठावर दोन माणसं कोरडी बसून फक्त डोकी मोजणार. कुणी आत ओढलं जात असेल, तर किनाऱ्याकडे झटापट करू नये. किनाऱ्याला समांतर पोहत ओढ संपू द्यावी, मग बाहेर यावं. बसच्या सीटवर टाकायला जुन्या चादरी आधीच घ्या, नाहीतर ओल्या कपड्यांवरून ड्रायव्हरशी वाजतं.

सोमनाथच्या दिवशी सकाळी साडेसातला निघा. वाटेत कोडीनार लागतं, जे गायकवाडी राज्याच्या अमरेली प्रांतात होतं. बडोद्याच्या माणसांना ते बसमध्ये जरूर सांगा. मंदिरात मोबाइल, पिशव्या आणि चामड्याच्या वस्तू चालत नाहीत. चाळीस जण लॉकरच्या रांगेत लागले, तर अर्धा तास जमा करायला आणि अर्धा सोडवायला जातो. त्यापेक्षा फोन आणि पाकिटं बसमध्येच दोन जणांच्या ताब्यात ठेवा आणि ते दोघे दुसऱ्या खेपेला दर्शन घेतील. आत फोन नसल्याने भेटायची जागा आणि वेळ उतरण्याआधीच ठरवा. आरती सकाळी सात, दुपारी बारा आणि संध्याकाळी सातला असते. बाराची धरली की परतीचा प्रवास उजेडात होतो. दर्शनानंतर जवळच 1783 मध्ये अहिल्याबाई होळकरांनी बांधवलेलं मंदिर आहे. बहुतेक गट ते चुकवतात, तुम्ही चुकवू नका.

सासणची सफारी या चार दिवसांत बसवू नका. एका जिप्सीत सहा जण धरले तर चाळीस जणांना सात गाड्या लागतात, आणि एकाच वेळेचे सात परवाने क्वचितच मिळतात.

परतीच्या आदल्या रात्री बसमध्ये एकदा स्पष्ट बोला. दीवमध्ये दारू मिळते, गुजरातमध्ये बंदी आहे, आणि घोघला व तड या दोन्ही नाक्यांवर सामान तपासलं जातं. कुणा एकाच्या पिशवीत बाटली निघाली, तर गुन्हा त्याच्यावर, पण खोळंबा सगळ्या बसचा. प्रत्येकाने स्वतःची बॅग स्वतः भरायची, दुसऱ्याचं पुडकं ठेवून घ्यायचं नाही. सहल संपल्यावर आठ दिवसांत पावत्यांसह हिशेब द्या आणि उरलेली रक्कम माणशी सारखी परत करा.