तबकडी आणि वेष्टन एकाच आवृत्तीचे आहे ना?
रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडच्या १९७१ सालच्या ‘स्टिकी फिंगर्स’ या अल्बमच्या देशोदेशींच्या आवृत्त्या जमवताना वेष्टनाइतकेच लक्ष तबकडीकडेही द्यावे, कारण जुन्या प्रतींत एका आवृत्तीच्या वेष्टनात दुसरीच तबकडी असू शकते. स्पेनमध्ये जीन्स घातलेल्या पुरुषाच्या कमरेचे छायाचित्र असलेले मूळ मुखपृष्ठ नाकारले गेल्याने तिथे डब्यातून बाहेर येणाऱ्या बोटांचे चित्र छापले गेले आणि ‘सिस्टर मॉर्फीन’ऐवजी ‘लेट इट रॉक’ घेतले गेले. म्हणून लेबलवरील गाण्यांची यादी नीट वाचावी आणि शेवटच्या गाण्यानंतरच्या कोऱ्या भागावर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांकही (तबकडी कोणत्या आवृत्तीची ते ओळखण्याचा क्रमांक) पडताळावा. चित्रातल्या जीन्सला खरी झिप बसवलेले वेष्टन, जे मला सर्वांत मोलाचे वाटते, ठेवताना झिप अर्धी खाली ओढावी, म्हणजे तिच्या खिट्टीचा दाब खाचांवर न पडता मधल्या लेबलवर येतो.