स्त्री नसबंदी: दुर्बिणीची की छोट्या छेदाची, आणि केव्हा करावी

कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करायचे ठरले की पहिला प्रश्न येतो तो 'टाक्याची की बिनटाक्याची' हा. परंतु दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतही बेंबीजवळ साधारण एक सेंटिमीटरचा छेद आणि एखादा टाका असतोच, त्यामुळे 'बिनटाक्याची' हे नाव स्त्रियांच्या बाबतीत फसवेच म्हणावे लागेल. पद्धत ठरते ती मुख्यतः वेळेवरून.

प्रसूतीनंतर पहिल्या सात दिवसांत गर्भाशय वर, बेंबीच्या आसपास असते. म्हणून तेव्हा बेंबीखाली दोन-तीन सेंटिमीटरचा छेद घेऊन, म्हणजे मिनीलॅप पद्धतीने, दोन्ही गर्भनलिका बांधून त्यांचा लहानसा तुकडा काढतात. सिझेरियन होणार असेल तर त्याच वेळी हे काम उरकता येते, मात्र संमती आधीच, प्रसूतीच्या कळा सुरू होण्यापूर्वी, शांतपणे दिलेली असावी. बाळंतपणानंतर सहा आठवडे उलटेपर्यंत दुर्बिणीची शस्त्रक्रिया करत नाहीत. त्यानंतर कोणतीही पद्धत निवडता येते, आणि ती पाळी सुरू झाल्यापासून सात दिवसांत करून घेणे उत्तम, कारण त्या काळात गर्भ राहिलेला नसल्याची बऱ्यापैकी खात्री असते.

दुर्बिणीच्या पद्धतीत पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून जागा मोकळी करतात, दुर्बिणीतून गर्भनलिका पाहतात आणि तिचा वेढा ओढून त्यावर सिलिकॉनची घट्ट कडी चढवतात. वेढ्याचा रक्तपुरवठा थांबतो आणि कालांतराने नलिकेची दोन टोके विलग होतात. बीजकोशांना हात लागत नाही, म्हणून पाळी येतच राहते. उरलेल्या वायूमुळे एक-दोन दिवस खांदा दुखतो. 'ऑपरेशन पोटाचे आणि दुखतो खांदा' म्हणून घाबरू नये. गंभीर हृदयविकार, फुप्फुसाचा विकार किंवा पोटाच्या जुन्या शस्त्रक्रिया असतील तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे.

सरकारी निकषांनुसार स्त्रीचे वय २२ ते ४९ असावे, ती विवाहित असावी, आणि निदान एक अपत्य एक वर्षाहून मोठे असावे. संमती तिची स्वतःची लागते. पतीची सही सक्तीची नाही, कोणी काहीही सांगो. ही पद्धत कायमची समजावी, नलिका पुन्हा जोडण्याच्या भरवशावर निर्णय घेऊ नये. पुरुष नसबंदी याहून सोपी आहे, तिचाही विचार घरात व्हावा.

रुग्णालय निवडताना संकोच न करता विचारावे की त्या दिवशी किती शस्त्रक्रिया आहेत आणि उपकरणे प्रत्येक वेळी निर्जंतुक होतात का. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधील बिलासपूरजवळच्या शिबिरात एकाच शल्यचिकित्सकाने काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया केल्या आणि नंतर १३ स्त्रिया दगावल्या. अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितले.

शस्त्रक्रियेला उपाशीपोटी जावे. नंतर दोन दिवस विश्रांती घ्यावी. आठवडाभर जड उचलणे आणि शरीरसंबंध टाळावेत. ताप, वाढत जाणारी पोटदुखी, पोट फुगणे, उलट्या किंवा जखमेतून पू दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. क्वचित ही शस्त्रक्रिया अपयशी ठरते आणि तेव्हा गर्भ नलिकेतच राहण्याचा धोका असतो. म्हणून पुढे कितीही वर्षांनी पाळी चुकली तरी आधी गर्भचाचणी करावी, आणि ती होकारार्थी आल्यास लगेच सोनोग्राफी करून घ्यावी.