एकपदरी रस्त्यावर शेजारच्याने पाटी शोधावी

स्कॉटलंडच्या हॅरिस बेटावर ‘गोल्डन रोड’सारखे रस्ते एकपदरी आणि वळणांचे असल्याने समोरून गाडी आली की पुष्कळदा चढावरूनच मागे जावे लागते. त्यावर आम्ही दोघांनी काम वाटून घेतले : चालवणाऱ्याने रस्ता पाहावा आणि शेजारी बसलेल्याने ‘पासिंग प्लेस’ची (गाड्यांना एकमेकींना वाट देता यावी म्हणून रस्त्याकडेला रुंद केलेल्या जागेची) पुढची पाटी दिसताच ती जागा कोणत्या बाजूला आहे, हे मोठ्याने सांगावे.

जागा डावीकडे असेल, तर तीत शिरून थांबावे. उजवीकडे असेल, तर तिकडे न वळता तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबावे, म्हणजे समोरचा तीत शिरून निघून जातो (आणि बहुधा स्टिअरिंगवरून बोट उचलून आभारही मानतो). मागून घाईची गाडी आली, तर तिलाही असेच पुढे जाऊ द्यावे.

मात्र समुद्र कितीही सुंदर दिसला, तरी फोटोसाठी त्या जागेत गाडी उभी करू नये.